श्वासाकडे लक्ष दिलं की ढोल मागे का पडतो?

प्रश्न विचारणारा तरुण ऐरोलीला राहतो आणि ठाण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. यंदा त्याने मोबाईलवरच्या अ‍ॅपच्या मदतीने रोज श्वासाकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. घरी छान शांत वाटतं. मग कुठेतरी वाचनात आलं, की शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष दिलं तर एकत्र काहीतरी करणाऱ्या माणसांचे मेंदू ‘जुळतात’. म्हणून त्याने सरावातही वाजवताना श्वास आणि छातीतली धडधड यांच्याकडे लक्ष देऊन पाहिलं. ठेका एका लयीत चालू असतो तोवर सगळं ठीक, पण ताशाने लय चढवली किंवा हात (वाजवण्याचा प्रकार) बदलला की हा मागे पडतो. शेजारचे बघायला लागतात, मग छाती आणखी धडधडते. जाता जाता त्याने हेही लिहिलंय, की यंदापासून तो कानात फोमचे इअरप्लग घालतो. त्याला जाणून घ्यायचंय, की मेंदू जुळण्याची गोष्ट खरी का, मग त्याच्या बाबतीत उलटं का होतंय, आणि गणपती तोंडावर असताना हे चालू ठेवावं की सोडावं.

मी ठाण्यातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत पॅनिकचे, म्हणजे अचानक भीतीचे झटके येणारे, रुग्ण बरेच, आणि त्यांच्याबरोबर स्टेजवर घाबरणारे गायक, नाटकवाले, अधूनमधून वादकही. छातीला पट्टा लावून श्वास आणि हृदयगती पडद्यावर दाखवायची आणि ती बघत बघत शिकायचं, हे बायोफीडबॅकचं काम माझं रोजचं. त्यामुळे ‘आत लक्ष देणं’ कुणाला उपयोगी पडतं आणि कुणाला नडतं, हे मला जवळून बघायला मिळतं. पण मी ढोलवादक नाही. वादनातलं काही चुकीचं बोलले तर पथकातल्या जाणत्यांनी बिनधास्त दुरुस्त करावं.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मेंदूबद्दलचं नाहीच. ‘लय चढते तेव्हाच मागे पडतो’ हे ते वाक्य. तुम्ही सरसकट बेताल झाला असतात तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. स्थिर लयीत तुम्ही टिकता आणि बदलाच्या क्षणी सुटता, यावरून बिघाड कुठे आहे याचा बराच अंदाज बांधता येतो.

ठेक्याबरोबर वाजवताना आपण ठोका ऐकून मग टिपरू मारत नाही. तसं केलं तर प्रत्येक वेळी उशीरच होईल. पुढचा ठोका कधी येणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधतो आणि हात त्या अंदाजावर पडतो. प्रयोगशाळेत लोकांना मेट्रोनोमबरोबर (ठरावीक वेगाने टिकटिकणाऱ्या यंत्राबरोबर) बोट आपटायला सांगितलं, की बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं, सेकंदाच्या काही शतांश भागाने. त्यांना स्वतःला मात्र आपण बरोबर ठोक्यावरच आहोत असं वाटत असतं.

अंदाज चुकला तर दुरुस्ती दोन प्रकारची असते. एक किरकोळ. हा ठोका थोडा पुढे पडला, तर पुढचा तेवढा सावरून घ्यायचा. ही दुरुस्ती आपोआप होते. कितीदा तर चूक आपल्या लक्षातही आलेली नसते आणि हात सावरून बसलेला असतो. दुसरी दुरुस्ती मोठी, म्हणजे लयच बदलली आहे हे ओळखून आतलं घड्याळ नव्या वेगाला लावायचं. ब्रुनो रेप आणि पीटर केलर यांनी २००४ साली हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. बोट आपटत असतानाच लोकांना डोक्यात हिशेब करायला लावले, म्हणजे लक्ष दुसरीकडे गुंतवलं. किरकोळ दुरुस्ती तशीच चालू राहिली. वेग बदलण्याची दुरुस्ती मात्र ढिली पडली, कारण तिला लक्ष लागतं आणि बदल झालाय याची जाणीवही लागते.

आता तुमचा सराव या चौकटीत ठेवून बघा. ठेका स्थिर आहे, तुमचं लक्ष छातीकडे आहे, तरी हात बरोबर पडतोय, कारण त्याला तुमच्या लक्षाची गरजच नाही. तुम्हाला वाटतं, वा, जमलं की! तेवढ्यात ताशा तर्री (काड्यांचा भराभर कडकडाट) मारून लय चढवतो. नेमकं तेव्हा लक्ष बाहेर हवं असतं आणि ते आत असतं. दोन-चार ठोके जातात, मग कळतं, मग धावपळ. माझ्या मते तुमच्या तक्रारीचा निम्म्याहून जास्त उलगडा इथेच होतो. ध्यान चुकीचं नाही आणि तुम्हीही बेताल नाही. मोक्याच्या क्षणी लक्ष दुसऱ्या कामावर असतं, इतकंच.

उरलेल्यात इअरप्लगचा वाटा बराच असावा, आणि याकडे तुम्ही स्वतः फारसं बघितलेलं दिसत नाही. फोमचे साधे प्लग सगळे आवाज सारखे कमी करत नाहीत. बारीक, धारदार आवाज जास्त दाबले जातात आणि खालच्या पट्टीतले त्या मानाने कमी. म्हणजे ढोलाचा घुमारा तुमच्यापर्यंत बऱ्यापैकी पोचतो, पण ताशाची तर्री आणि टोलाचा, म्हणजे धातूच्या थाळीचा, टणत्कार बोथट होऊन येतो. लय बदलल्याचा इशारा तर ताशाच देतो. त्यावर आणखी एक गंमत. कान बंद केला की हाडांमधून येणारे स्वतःच्या शरीराचे आवाज मोठे ऐकू येतात. आत्ता दोन्ही कानांत बोटं घालून ‘अं’ म्हणून बघा, लगेच कळेल. श्वास, गिळणं, कधी कधी नाडीसुद्धा. तुम्हाला यंदा छातीतली धडधड जास्त जाणवायला लागली त्याचं सगळं श्रेय ध्यानाला देऊ नका, थोडं त्या फोमच्या तुकड्यालाही द्या.

म्हणून प्लग काढून टाका असं मी अजिबात म्हणणार नाही. ढोल-ताशाच्या मध्यभागी तासन्‌तास उभं राहून कानांचं जे नुकसान होतं ते परत भरून येत नाही. रात्री घरी गेल्यावर कानात सुईं वाजत असेल तर ती धोक्याचीच खूण. गायक-वादकांसाठी वेगळे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते वरच्या आणि खालच्या आवाजांना साधारण सारखंच कमी करतात. ते घ्या. फोमपेक्षा महाग पडतात, पण एकदा घेतले की पुन्हा पुन्हा वापरता येतात.

तुम्ही कुठल्या रांगेत उभे असता हे लिहिलेलं नाही, पण त्यानेही फरक पडतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. ताशे पुढे आणि तुम्ही २० मीटर मागे असाल, तर तर्री तुमच्या कानावर ६० मिलिसेकंद उशिरा येते. सेकंदाच्या विसाव्या भागाहून थोडा जास्त, म्हणजे ढोलाच्या ठेक्यात ऐकू येण्याइतका फरक आहे. त्यात ठाण्यातल्या राम मारुती रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर आवाज भिंतींवर आपटून परत येतो. मागच्या रांगेने कानावर भिस्त ठेवण्यापेक्षा पुढच्याच्या टिपऱ्यावर आणि टोलवाल्याच्या हातावर नजर ठेवावी. प्रकाशाला उशीर होत नाही.

आता मेंदूकडे येऊ. तुमची उत्सुकता तिथेच जास्त आहे आणि गैरसमजही.

शरीराच्या आतून येणाऱ्या खबरा, म्हणजे हृदयाचे ठोके, श्वास, पोटातली हालचाल, छातीतला ताण, यांची जाणीव होणं याला इंटरोसेप्शन म्हणतात. या खबरा व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून आणि मणक्यातून वर जातात. व्हेगसमधले बहुतेक तंतू मेंदूकडून शरीराकडे हुकूम नेणारे नसून शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. ही बातमी थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या मधोमध असलेल्या वाटपकेंद्रामार्गे) इन्सुला नावाच्या घडीत पोचते. मेंदूच्या बाजूची मोठी भेग उघडली तर तिच्या आत दडलेला हा भाग दिसतो. इन्सुलाच्या मागच्या टोकाला कच्ची बातमी येते आणि पुढच्या टोकाकडे जाता जाता तिला भावनेचा आणि प्रसंगाचा रंग चढतो, अशी मांडणी बड क्रेग यांनी २००२ मध्ये केली. दोन वर्षांनी ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून, ऐकू येणारे टोन स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांशी जुळतात का ते ओळखायला सांगितलं. ज्यांना ते जास्त अचूक जमलं त्यांच्या इन्सुलाचा उजवीकडचा पुढचा भाग जास्त सक्रिय होता.

लक्षाचा परिणाम ठोक्या-ठोक्यालाही दिसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत एक बारीकशी लाट उठते आणि ती ईईजीवर (डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज टिपणाऱ्या चाचणीत) पकडता येते. माणसाने हृदयाकडे लक्ष दिलं की ही लाट मोठी होते. ठोका तोच, फक्त मेंदूने त्याला दिलेलं वजन बदललं. तेव्हा आत लक्ष दिल्याने मेंदूची हालचाल बदलते का, या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ हो असं आहे.

दुसऱ्या माणसाबरोबर काही करताना तसं लक्ष दिलं तर काय होतं, यावरचं काम त्या मानाने नवं आहे. इटलीतल्या मिलानच्या कॅथलिक विद्यापीठात लॉरा अँजिओलेत्ती आणि मिकेला बाल्कोनी यांनी यावर बरेच प्रयोग केले. माणसांना दुसऱ्याबरोबर बोटांच्या हालचाली जुळवायला सांगायचं, काही वेळा तसंच आणि काही वेळा श्वासाकडे लक्ष देऊन. २०२२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधांत दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. काम ‘हे आपण दोघं मिळून करतोय’ अशा सामाजिक चौकटीत मांडलं, तर श्वासाकडे लक्ष देण्याचा मेंदूच्या पुढच्या भागावरचा परिणाम वाढला. आणि नुसत्या हालचाली जुळवण्यापेक्षा बोलणं जुळवताना हा पुढचा भाग श्वासाकडे लक्ष असताना जास्त कामाला लागला.

तुम्ही जे वाचलंत ते बहुधा याच दिशेचं काहीतरी असणार, कुणीतरी चटपटीत करून लिहिलेलं. पण त्यात एक पायरी गाळलेली असते. मेंदूचा पुढचा भाग जास्त सक्रिय झाला याचा अर्थ ताल सुधारला असा होत नाही. हा भाग देखरेख करतो, लक्ष वाटतो, दोन कामं एकाच वेळी सांभाळतो. श्वासही बघा आणि जोडीदाराबरोबरही राहा, असं सांगितल्यावर त्याचं काम वाढलं तर त्यात नवल काय? कामावर मुकादम जास्त हिंडायला लागला म्हणून भिंत सरळ उभी राहतेच असं नाही. शिवाय यांतल्या काही प्रयोगांत कपाळावरून प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची पद्धत वापरली होती. ती मेंदूच्या वरच्या थरापलीकडे फारशी पोचत नाही, आणि इन्सुला तर खोल दडलेली आहे. तिथे काय चाललं होतं हे त्या यंत्राला दिसतच नाही. प्रयोग वाईट होता असं नव्हे. पण त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, एवढं आपण ओळखावं.

‘मेंदू जुळतात’ हा शब्दप्रयोगही जपूनच वापरायला हवा. दोन माणसांचे मेंदू एकाच वेळी मोजण्याचं तंत्र आता रुळलं आहे. बर्लिनमध्ये २००९ साली एकच धून मिळून वाजवणाऱ्या गिटारवादकांच्या जोड्यांचा ईईजी घेतला, तर २०१० मध्ये गिओम द्युमा यांच्या गटाने पॅरिसमध्ये एकमेकांच्या हातांची नक्कल करणाऱ्या जोड्यांचा. दोन्हीकडे काही लहरी दोन डोक्यांमध्ये एकमेकींशी जुळलेल्या सापडल्या. लगेच आलेली शंकाही रास्त होती. दोन माणसं एकाच तालावर एकसारखे हात हलवत असतील, तर त्यांचे मेंदू सारखेच दिसणार. त्यासाठी त्यांनी एकमेकांना पाहायचीही गरज नाही. तुम्ही ऐरोलीत आणि मी ठाण्याच्या नौपाड्यात एकच मेट्रोनोम ऐकत बसलो, तरी काही प्रमाणात आपले आलेख जुळतील. म्हणून चांगल्या प्रयोगांत खऱ्या जोड्यांची तुलना कागदावर बनवलेल्या खोट्या जोड्यांशी करतात, म्हणजे वेगवेगळ्या वेळी मोजलेली दोन माणसं जोडी समजून. खऱ्या जोडीत जे जास्तीचं जुळतं तेवढंच देवाणघेवाणीच्या खात्यावर टाकायचं.

मला तुमच्यासाठी याहून उपयोगी वाटतात ती कोण पुढे आणि कोण मागे यावरची संशोधनं. फ्लोरिडात एमान्युएल तोन्योली आणि स्कॉट केल्सो यांच्या गटाने २००७ साली दोघांना समोरासमोर बसवून बोटं हलवायला सांगितली. कधी एकमेकांचा हात दिसायचा, कधी मधली काच अपारदर्शक व्हायची. दिसत असताना डोक्याच्या उजव्या बाजूला, सेकंदाला साधारण १० आवर्तनांच्या पट्ट्यात, दोन वेगळ्या खुणा सापडल्या. माणूस स्वतःच्याच लयीत राहिला तर एक बळावते, दुसऱ्याशी जुळवून घेतलं तर दुसरी. म्हणजे ‘माझं’ आणि ‘आपलं’ यांच्यामधली ओढाताण मेंदूत खरोखर चाललेली असते. मग २०१४ मध्ये डेन्मार्कच्या इव्हाना कोन्व्हालिंका यांच्या गटाने जोड्यांना एकमेकांचं ऐकत बोट आपटायला लावलं. ज्या जोड्यांत कुणीतरी एक म्होरक्या झाला, तिथे म्होरक्याच्या डोक्याच्या पुढच्या भागातल्या अल्फा लहरी (याच १० आवर्तनांच्या आसपासच्या; त्या दबल्या की तो भाग कामात गुंतलाय असं धरतात) जास्त दबलेल्या होत्या. स्वतःची लय धरून ठेवायला त्याला जास्त आतून राबावं लागत होतं.

ढोलवादक पथकात म्होरक्या नसतो, लय ताशाच्या हातात असते. तुमचं काम जुळवून घेण्याचं, आणि तुम्ही मात्र आत बघून स्वतःचीच लय घट्ट धरायला बसलात. हा दुवा कुठल्या एका प्रयोगाने सिद्ध केलेला नाही, माझ्या कामातून बांधलेला तर्क आहे. पण आत लक्ष लावून गाणारे माझ्याकडे येतात तेव्हा साथीदारांची तक्रार हीच असते: ‘हा आपल्याच तंद्रीत असतो.’

छातीतल्या धडधडीचा आणखी एक घोळ आहे. ढोलाचा खर्ज आपण फक्त कानाने ऐकत नाही, तो छातीवर आणि पोटावर आदळतो. पन्नास ढोलांच्या मध्ये उभं राहून छातीत जे धडधडतं ते तुमचं हृदय किती आणि शेजारचा ढोल किती, हे सांगणं कठीण. मुळात शांत खोलीतसुद्धा स्वतःचे ठोके मोजणं लोकांना वाटतं तितकं जमत नाही. १९८१ पासून वापरात असलेल्या ठोके मोजण्याच्या चाचणीवर मुख्य आक्षेपच हा आहे, की माणसं ठोका न जाणवता ‘मिनिटाला सत्तर-पंच्याहत्तर असतील’ अशा अंदाजाने मोजतात. माझ्याकडेही पट्टा लावून पडताळलं की बऱ्याच जणांचा आत्मविश्वास आणि अचूकपणा यांची गाठ पडत नाही. संशोधक हे दोन वेगळेच धरतात: मला शरीर छान कळतं असं वाटणं एक, आणि खरोखर कळणं दुसरं. आणि समजा तुम्हाला हृदय अगदी नीट जाणवलं, तरी कमरेला ढोल बांधून वाजवताना ते स्वतःच्याच वेगाने धावत असतं. त्याचा वेग ठेक्याच्या जवळपास आला, तर हात कुणाच्या मागे जायचा? तालासाठी हृदयाला विचारू नका, त्याला त्यातलं काही कळत नाही.

श्वासाची गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच मी ध्यान सोडा म्हणत नाही. आतल्या कारभारातली ही गोष्ट अशी आहे जी आपोआपही चालते आणि हातातही घेता येते. श्वास घेताना हृदय थोडं वेगात चालतं, सोडताना मंदावतं. म्हणून एकत्र श्वास घेणाऱ्यांची हृदयंही एकत्र चढउतार करतात. स्वीडनमध्ये ब्योर्न विकहॉफ यांच्या गटाने २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्यांवर हेच दाखवलं. ओळ कुठे संपते त्यावर श्वास कुठे घ्यायचा ते ठरतं, आणि मग हृदयंही त्याच्या मागोमाग जातात. आपल्याकडे भजनात हे रोज होतं. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणत पावली खेळणाऱ्यांना कुणी श्वासाकडे लक्ष द्या म्हणून सांगत नाही, चालच ते काम करते. पण नुसतं एकत्र असण्यानेही काही होतं. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी आहे. तिथे चालणाऱ्यांची हृदयगती आणि काठावर बसलेल्या त्यांच्या नातेवाइकांची, मित्रांची हृदयगती सारखी चढउतरली, अनोळखी प्रेक्षकांची नाही. हा अभ्यास २०११ चा. काठावर बसलेली माणसं काही ध्यान करत नव्हती.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आत लक्ष दिल्याने मेंदू बदलतो, दुसऱ्याबरोबर असताना जास्त बदलतो, पण त्या बदलाने तालाला मदत होईल की अडथळा, हे तुम्ही कशाकडे आणि कोणत्या क्षणी लक्ष देता यावर ठरतं.

आता भीतीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातलं ‘शेजारचे बघतात, मग आणखी धडधडतं’ हे मला खटकलं. लोकांसमोर घाबरणारा माणूस आधीच आत बघत असतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी हेच आहे: माणूस समोरच्याकडे बघायचं सोडून स्वतःच्या धडधडीवरून, थरथरीवरून ‘मी कसा दिसत असेन’ याचं चित्र बनवतो आणि त्यालाच खरं मानतो. अशा माणसाला मी वाजवताना किंवा गाताना आत लक्ष द्यायला सांगत नाही. उलट बाहेर काढते. समोरच्याच्या फेट्याचा रंग कोणता, टोलवाला कुठल्या खांद्याने हलतो, अशा फालतू वाटणाऱ्या गोष्टींवर. तुमच्या बाबतीत हे कितपत लागू आहे ते तुम्हीच ठरवा. चूक झाल्यावरच धडधडतं की सरावाला निघतानाच? पहिलं असेल तर तो साधा संकोच. दुसरं असेल तर वेगळं बोलावं लागेल.

मग करायचं काय? घरचा श्वासाचा सराव चालू ठेवा, तो चांगलाच आहे. ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीतही करा. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत उभ्या-उभ्या जमला तर कुठेही जमेल. मैदानावर पोचल्यावर ढोल बांधायच्या आधी दोन-तीन मिनिटं सावकाश श्वास, सोडणं घेण्यापेक्षा जरा लांब. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की हृदयगतीचा चढउतार बहुतेकांत सगळ्यात मोठा आणि नियमित होतो. बायोफीडबॅकमध्ये आम्ही त्याच वेगाच्या जवळ काम करतो. मोजत बसू नका, सावकाश एवढं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर जास्त जोर लावताय असं समजा.

सुरुवातीचा जयघोष मात्र पोटापासून द्या. सगळं पथक एका दमात ‘मोरया’ म्हणतं तेव्हा सगळ्यांचा श्वास एकाच वेळी बाहेर पडतो आणि एकाच वेळी आत येतो. श्वास जुळवण्याचं तुमच्या पथकातलं साधन तेच, आणि ते वापरून संपलं की पहिला ठोका पडायच्या आत लक्ष बाहेर. वाजवताना कान ताशाला, नजर पुढच्याच्या टिपऱ्यावर. गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलं, की हालचाल शिकताना स्वतःच्या अवयवाकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिलेलं बरं. तुमच्या बाबतीत परिणाम म्हणजे ढोलाच्या पानावर (टिपरू पडतं त्या पृष्ठावर) उठणारा आवाज. मनगट नव्हे, श्वासही नव्हे.

मग वाजवताना आत कधीच बघायचं नाही का? बघा, पण जागा निवडून. लांब, स्थिर ठेका चालू आहे, लय बदलायला वेळ आहे हे माहीत आहे, तेव्हा एक नजर आत टाका: खांदे कानापर्यंत चढलेत का, दात आवळलेत का, श्वास रोखलाय का. असेल तर सोडा आणि परत बाहेर या. नवशिके लय चढताना हमखास श्वास रोखतात, मग दंड आखडतो, मग टिपरू जड होतं. हे पकडायला आतलं लक्ष फार कामाचं आहे. त्यासाठी एखादा श्वास पुरतो.

अंदाज खरा की खोटा हे तपासायचं असेल तर एका सरावात एकच गोष्ट बदला. एक दिवस प्लग तेच, रांग तीच, फक्त लक्ष पूर्ण बाहेर. दुसऱ्या दिवशी फिल्टरवाले प्लग, बाकी सगळं तसंच. मग जागा बदलून बघा. शेजारच्याला सांगून ठेवा की लय चढताना मी कधी सुटतो ते बघ, कारण आपण कधी सुटलो हे आपल्याला उशिरा कळतं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा तर फोन स्वतःच्या ढोलाजवळ ठेवा, पुढे ताशाजवळ नको, नाहीतर तुमचाच ठोका ऐकू येणार नाही.

आणि एक गोष्ट ध्यान, मेंदू सगळं बाजूला ठेवून. वाजवताना धडधडणं स्वाभाविक आहे, कमरेला बांधलेलं ओझं हलकं नसतं. पण थांबल्यावरही बराच वेळ ठोके अनियमित वाटत राहिले, छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झालेला असेल, तर आधी डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. पॅनिकचा रुग्ण समोर आला तरी आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो.

तुमची रांग कुठली आणि घरून निघतानाच धडधडतं का, ही दोन उत्तरं इथेच लिहिलीत तर पुढचं नेमकं सांगता येईल.